वरचा बोर्ड

"हात वाकव," मामा म्हणाला.

धाकटीने कोपर वाकवून भिंतीला टेकवलं. मामाने त्या जागी खडूने फुली मारली.

"हा तुझा बोर्ड. वाकायला नको, ताणायला नको. प्लग लाव आणि रंधा मार. जन्मभराची सोय."

धाकटीने कोपर झटकलं. खडू लागलेला नव्हता.

चाकाच्या खुर्चीतून बाबा बोलले, "वायरी भिंतीच्या आतून घे. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"तुमच्या भिंतीच्या आतून?" मामाने कपाळाला हात लावला. "भावोजी, मोकळी भिंत दिसली की तुमचे हात शिवशिवतात. मागे करवत टांगायला खिळा ठोकलात तो थेट वायरीत. करवतीला हात लावला आणि पोर तिकडे जाऊन पडली."

"खिळा सरळच गेला होता. वायर वाकडी होती."

"असेल हो. म्हणून आता वरून पाइप. प्लास्टिकचा नको, फळी आपटली की फुटतो. लोखंडी, पक्कं अर्थिंग देऊन. दिसेल तरी, कुठे ठोकायचं नाही ते."

*

धाकटी बाबांना सांगणार होती. मामा यायच्या आधी.

मग पाइप कापायच्या आधी.

मग चहा झाल्यावर.

होड्या बांधणाऱ्या कारखान्यातून आठवड्यापूर्वी फोन आला होता: लाकडाचं काम, दुसरं शहर. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. त्या दिवशी ती फोनवर बोलत असताना बाबा दारात होते. काय ऐकलं, कुणास ठाऊक. विचारलं मात्र काहीच नाही. थोरली लग्न करून लांब गेलेली. बाबांची उजवी बाजू गेल्यापासून घरचा हा सुतारकामाचा कारखाना म्हणजे धाकटी, आणि धाकटी म्हणजे हा कारखाना. भुसा केसांत, भुसा उशीवर.

पाइपाचे तुकडे जमिनीवर ओळीने मांडलेले. एकेक भिंतीवर चढेल, क्लँप आवळले जातील, शेवटी तिच्या कोपराशी येऊन थांबेल.

*

"फुली चुकली," बाबा म्हणाले.

मामाने मागे वळून पाहिलं. "मोजून मारलीय."

"खाली घे. इथे." बाबांनी खुर्ची भिंतीला लावली आणि डावा हात थोडासाच उचलून तळवा टेकवला. "डाव्या अंगाला."

"इतक्या खाली? भुसा भरेल त्यात. ठिणगी उडाली तर?"

"झाकणाचा बसव. झाकणाचा मिळत नाही का तुमच्या बाजारात?"

"मिळतो. पण ही काय रांगत काम करणार?"

"तिला कोण विचारतंय? घासकाम बसून होतं. यंत्र फिरतं, मी नुसतं धरायचं."

"एका हाताने?"

"तुझ्या दोन हातांनी काय दिवे लावलेस?"

"दिवेच लावतो, भावोजी. पोटापाण्याचा धंदाच आहे तो."

बाबा हसले. उजवा ओठ जागचा हलला नाही. मग म्हणाले, "आणि वरचा बोर्ड नको."

मामाने धाकटीकडे पाहिलं. धाकटी तिच्या कोपराच्या उंचीवरच्या त्या पांढऱ्या फुलीकडे बघत होती. आठवडाभर ती ज्या वाक्याची वाट शोधत होती, ते दुसऱ्याच कुणीतरी बोलून टाकलं होतं. तिचे पाय मात्र भुशात तसेच रुतलेले.

"बाबा, तुम्हाला एकट्याला..."

"तोंड आवर, कामाला लाग. मामाचा पाइप तुझ्या एप्रनच्या खिळ्यावरून जातोय. उपट तो."

तो खिळा बाबांनीच ठोकलेला, ती पहिल्यांदा रंधा धरायला शिकली तेव्हा. त्यांनी ठोकलेला खिळा निघायचा तर अर्धी भिंत घेऊन निघायचा. तिने खिळ्यावरचा एप्रन काढून खांद्यावर टाकला, पंजाची हातोडी घेतली, पाय रोवले.

हातोडी लागलीच नाही. बोटांनी धरल्याबरोबर खिळा हातात आला.

भोकाभोवतीचा गिलावा ताजा खरवडलेला होता. खालून वर, तिरके, आखूड ओरखडे. बरेच चुकलेले, एकावर एक. जमिनीवर, भिंतीच्या कडेने, गिलाव्याची पांढरी भुकटी होती आणि तिच्यातून गेलेली चाकाची खूण.

"निघाला?" बाबांनी विचारलं. ते दुसरीकडे बघत होते.

धाकटीने मूठ मिटली.

"घट्ट होता," ती म्हणाली.