तोमासीच्या नावावरची रेघ

सुज्ञ वाचकहो, एका मैत्रीची आणि एका लहानशा रेघेची सत्त्वपरीक्षा आता आपणांपुढे सादर होत आहे. ती मन स्थिर करून वाचावी, ही नम्र विनंती.

लंडनातल्या एजवेअरच्या एका वृद्धाश्रमात, खिडकीपाशी, ब्याण्णव वर्षांचे सियोनकाका झिराडकर बसत असत. मूळचे मुंबईचे मराठी यहुदी. ऐन तारुण्यात ब्रह्मदेशच्या लढाईत शिपाई. त्यांच्या अंतःकरणात एकच आस उरली होती. तोमासीचे नाव कुणापाशी तरी मोकळेपणाने उच्चारावे.

तोमासी आफ्रिकी पलटणीतला. खंदकात दोघांनी एकच घोंगडी पांघरली होती. सियोनकाका तापाने फणफणले, तेव्हा त्याने त्यांना नऊ मैल पाठीवरून वाहिले होते. परंतु तो निरक्षर! चार इयत्ता शिकलेल्या सियोनकाकांनी त्याला इंग्रजीत सही शिकवली आणि मराठी सवयीने अक्षरांच्या डोक्यावर आडवी रेघही ओढून दिली.

"ही कशाला?" तोमासीने मोडक्या हिंदुस्तानीत विचारले.

"नाहीतर अक्षरं खाली पडतील, गाढवा!"

तोमासी पोट धरधरून हसला होता.

पुढे हाच तोमासी स्वदेशाचा हुकूमशहा झाला. त्याने हजारोंचे प्राण घेतले. वर्तमानपत्रात ते वाचल्यापासून सियोनकाकांनी त्याचे नाव टाकले. तरी थंडी पडली की ती घोंगडी आठवेच.

आश्रमात त्यांची सेवा करणारी पेशन्स तोमासीच्याच देशाची होती. झिराडकर हे नाव जिभेला जड, म्हणून ती त्यांना मिस्टर झेड म्हणे.

"मिस्टर झेड, चहा गार झाला. पुन्हा लढाईवर गेलात?"

"माझा एक दोस्त होता, तुझ्या देशाचा."

"देखणा होता?"

"कसला! एकाच घोंगडीत झोपायचो, नुसता घोरायचा. नाव तोमासी."

तिचा हात थबकला. दुसऱ्या दिवशी तिने प्लॅस्टिकमध्ये जपलेला एक कागद त्यांच्यापुढे धरला. तो तिच्या वडिलांच्या फाशीचा हुकूम होता. खाली तोमासीची सही होती, आणि सहीवर रेघ.

"आमच्याकडे म्हणायचे, ही रेघ म्हणजे तुरुंगाचं छप्पर."

"ती रेघ मी शिकवली, पोरी. नाहीतर अक्षरं खाली पडतील, म्हणालो होतो."

ती कागद उचलून निघून गेली. तीन आठवडे दुसऱ्याच बाईने चहा आणला. सियोनकाका दाराकडे डोळे लावून बसत. एक दोस्त कधीच हरवला होता. आता त्याच्याविषयी ऐकणारेही माणूस गेले, असे त्यांच्या जिवाला लागले.

एका सकाळी पेशन्स आली. तिने कोरा कागद ठेवला.

"माझ्या बाबांचं नाव लिहा. जोसाया. तुमच्या लिपीत."

त्यांनी अक्षरे काढली, मात्र वरची रेघ ओढताना हात अडला.

"राहू दे ती," ते पुटपुटले.

"ओढा, मिस्टर झेड. नाहीतर पडतील ना?"

त्यांनी रेघ ओढली. पेशन्सने कागद घडी न करता पर्समध्ये ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली.

"घोंगडीचं सांगा. फक्त घोंगडीचं."

आणि सियोनकाका सांगू लागले.

ही हकीकत येथवर शांतपणे वाचलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आपला नम्र, नकुल धोंडू भोईटे, एजवेअर.