वर्कशॉपमधले बाराशे तास

मित्रांनो, माझे वय विचारू नका. अंगावरचा हिरवा रंग किती ठिकाणी उडाला आहे ते पाहा आणि तुम्हीच अंदाज बांधा. मी एक लेथ आहे. पोलादाचा गज चकमध्ये, म्हणजे माझ्या फिरत्या जबड्यात, घट्ट धरायचा, गरगर फिरवायचा आणि हत्याराने हवा तसा कातू द्यायचा, हा माझा जन्माचा धंदा. मी घडलो ओहायोतल्या एका कारखान्यात, पण आयुष्य गेले मिनेसोटात, मोठ्या सरोवराकाठच्या या व्यावसायिक कॉलेजात. बोटींचे, खाणींचे, कागद गिरण्यांचे कितीतरी भाग माझ्यावर तयार झाले. पूर्वी पाहुणे आले की आधी माझ्यापुढे उभे राहायचे. मग संगणकावर चालणारी यंत्रे आली, मला मागच्या भिंतीशी ढकलले आणि हिवाळ्यात सगळे जण आपले जाड कोट माझ्यावर टाकू लागले. मला याचा फार राग यायचा, खोटे कशाला बोलू?

आमचे मास्तर ऑर्विल हाउगेन मात्र दर सोमवारी मला तेल घालायचे. त्यांचा एक नियम होता. ड्रॉइंग आधी नीट वाचायचे, चूक दिसली तर तिथे लाल पेन्सिलीने खूण करून सही करायची आणि मगच काम यंत्रावर चढवायचे. ड्रॉइंग कोणाचेही असो, नियमात सूट नव्हती.

"कागद सगळं सहन करतो," ते म्हणायचे. "पोलाद नाही करत."

त्यांच्या हाताखाली मार्नी लाहती शिकत होती. वय चौतीस. गावची कागद गिरणी बंद पडली तशी ती आमच्याकडे आली आणि दोन वर्षांत कामात पक्की झाली. आता तिला विद्यापीठात जाऊन इंजिनिअर व्हायचे होते. विद्यापीठ आमच्यापासून बसने वीस मिनिटांवर. विद्यापीठाने तिचे गणित मानले, पदार्थविज्ञान मानले, पण आमच्या वर्कशॉपमध्ये शिकण्यात घातलेले बाराशे तास मानले नाहीत. ते तास धरले तर तिसऱ्या वर्षात प्रवेश, नाही धरले तर पहिल्यापासून सुरुवात.

"चार वर्षं मला झेपणार नाहीत, ऑर्व," ती म्हणाली. "घरी मुलगी आहे, वडील अंथरुणाला खिळलेत. तिसऱ्या वर्षाला घेतलं तर जाईन, नाहीतर हा नाद सोडून देईन."

"नाद सोडणारी असतीस तर पहिल्याच महिन्यात पळाली असतीस," मास्तर म्हणाले आणि त्यांनी विद्यापीठाला तिसऱ्यांदा पत्र लिहिले.

मार्च महिन्यात प्रवेश समितीच्या प्रमुख डॉ. लेनोर व्हिटॅकर स्वतः आल्या. सोबत त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका शाफ्टचे, म्हणजे यंत्रात फिरणाऱ्या दांड्याचे, ड्रॉइंग होते. "संगणकाशिवाय, हाताने करून दाखवा," त्या म्हणाल्या. "ड्रॉइंगबरहुकूम झालं तर तास धरू." झाले! माझ्यावरचे कोट उचलले गेले आणि किती दिवसांनी माझ्या अंगाला उजेड लागला.

मार्नीने ड्रॉइंग दोनदा वाचले. शाफ्ट अर्धा जाड, अर्धा बारीक. दोन्ही भाग मिळतात तिथला आतला कोपरा अगदी सुरीसारखा धारदार दाखवलेला. खाली लिहिले होते, भट्टीत लाल करून तेलात बुडवणे. पोलादाला पाणी पाजणे म्हणतात ते हेच. मार्नी थांबली. तिने मास्तरांकडे पाहिले, तर मास्तर खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. ती आधीच बांधलेली होती. मग मार्नीने लाल पेन्सिल काढली आणि त्या कोपऱ्यावर गोल करून खाली सही केली.

"हे ड्रॉइंग माझं आहे, मिस लाहती."

"हो मॅडम, म्हणून तर तुम्हालाच दाखवतेय. तेलात बुडवलं की इथून तडकेल. कोपरा थोडा गोल हवा."

"मी तुमचं मत विचारलं नव्हतं. आहे तसा करा."

"करते. पण दोन करते. एक तुमचा, एक माझा."

"दुसरा मी मोजणार नाही."

"नका मोजू," मार्नी म्हणाली आणि तिने माझ्या चकमध्ये गज आवळला.

मित्रांनो, माझा एक स्क्रू झिजलेला आहे. हत्यार सरकवणारी दांडी उलटी फिरवली की थोडी पोकळ फिरते, हत्यार हलत नाही. मार्नीला ते ठाऊक होते. प्रत्येक वेळी ती दांडी जास्त मागे घ्यायची आणि मग सावकाश पुढे आणायची. मीही जीव तोडून काम केले. तीन तासांत दोन्ही शाफ्ट तयार झाले. डॉ. व्हिटॅकर यांनी आपला मोजला, पुन्हा मोजला. "अचूक आहे," त्या म्हणाल्या.

"जिंकलीस, लाहती! आता हात धुऊन घे," मास्तर हळूच म्हणाले.

"अजून कुठे? ड्रॉइंगवर भट्टीही आहे."

मास्तरांचा चेहरा उतरला. माझीही छाती धडधडली असती, पण मोटर बंद होती. अचूक ठरलेला शाफ्ट तडकला तर परीक्षेचे काय? मार्नीने दोन्ही शाफ्ट भट्टीत ठेवले, लाल झाल्यावर चिमट्याने उचलले आणि एकामागून एक तेलात बुडवले. पहिल्यातून टिक् असा बारीक आवाज आला. पुसून पाहिले तर धारदार कोपऱ्यातून केसाएवढी चीर गोल फिरली होती. दुसरा शाबूत होता.

"परीक्षेचा शाफ्ट गेला," डॉ. व्हिटॅकर म्हणाल्या.

"हो."

"मघाशीच माझ्या हातात देऊन मोकळ्या झाला असतात."

"आणि तुमच्या प्रयोगशाळेत तो कोणाच्या तरी तोंडावर फुटला असता. नापास करायचं तर करा, मॅडम. फुटका माल मी जाणूनबुजून देणार नाही."

डॉ. व्हिटॅकर यांनी त्या चिरेवरून नख फिरवून पाहिले. "गेल्या वर्षी आमचे दोन असेच गेले," त्या म्हणाल्या. "आम्ही पोलाद विकणाऱ्याला कडक पत्र पाठवलं होतं." मास्तरांना खोकल्याची मोठी उबळ आली. बाईंनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांनी मार्नीला विचारले, "गोल म्हणजे किती गोल?" मार्नीने आकडा सांगितला आणि बाईंनी तो आपल्या हाताने ड्रॉइंगवर लिहून घेतला.

मे महिन्यात पत्र आले. बाराशेच्या बाराशे तास धरले होते, तिसऱ्या वर्षात प्रवेश होता. खाली आणखी दोन ओळी होत्या. विद्यापीठातली पहिल्या वर्षाची मुले दर गुरुवारी आमच्या वर्कशॉपमध्ये शिकायला येणार होती. मास्तरांनी ते पत्र मोठ्याने वाचले, आणि शेवटच्या दोन ओळी पुन्हा एकदा वाचल्या.

तेव्हा मित्रांनो, मला वेळेवर तेल घाला, चकाची चावी चकातच विसरू नका आणि मला धूळ खात पडू देऊ नका, कारण बसलेले यंत्र गंजते. पण याहून मोठे मागणे वेगळे आहे. गुरुवारी तुमच्यापैकी कोणी माझ्यापुढे उभे राहिले, तर हात कोरे आहेत म्हणून लाजू नका. आणि हात तेलाने काळे असतील तर मुळीच लाजू नका. केस बांधा, बाह्या सरसावा आणि या पुढे.