कोपऱ्यातलं धुकं

मनोरमाबाई पुण्याहून येना शहरात आल्या त्या सुनेच्या हातचं खायला नव्हे, की जर्मनी बघायलाही नव्हे. त्या एक अंगठा बघायला आल्या होत्या. आणि तो अंगठा ऊर्मिलानं पुसून टाकला होता.

त्याचं असं झालं. ऊर्मिलाच्या नवऱ्याला, हृषिकेशला, ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर जाऊन हिमनगांचे फोटो काढायचे होते, देवमासे बघायचे होते. दोघांची तिकिटं काढली, लेन्सवर बसवायला नवी काच आणली आणि ती बसवताना त्यानं नेमका तिच्यावर अंगठा टेकवला. ऊर्मिला सोळा वर्षं कंपनीत भिंगं तपासते. काचेवरचा ठसा म्हणजे तिच्या लेखी धुतल्या चादरीवर चिखलाचा पाय. "कडेला धर म्हणून किती वेळा सांगायचं रे?" ती खेकसली. "आल्झो," तो जर्मन थाटात म्हणाला, "बरं, पुसतो नंतर." चार दिवसांनी ट्रामच्या स्टॉपवर त्याचं हृदय थांबलं.

ठसा राहिला. ऊर्मिलानं त्याबद्दल सासूला फोनवर सांगितलं, आणि तेव्हापासून प्रत्येक फोन "आहे ना गं अजून?" इथूनच सुरू व्हायचा.

वर्षानं ती एकटीच गेली. एक्केचाळीस हिमनग टिपले. प्रत्येक फोटोत वर उजव्या कोपऱ्यात धुक्याचा डाग, जणू कुणी लेन्सजवळ तोंड आणून श्वास सोडलाय. तो कोपरा ती मुद्दाम मोकळा ठेवायची. त्याच्यासाठी. शेवटच्या दिवशी बोटीच्या अगदी कडेला देवमासा फुसकारला आणि काचेवर तुषार उडाले. सोळा वर्षांचा हात कुणाला विचारत नाही. खिशातून फडकं निघालं, मधून कडेकडे गोल फिरलं, शेपूट वर आलं, फोटो निघाला. लख्ख. मग तिला कळलं. ती ओक्साबोक्शी रडली, आणि शेजारच्या डॅनिश आजोबांना वाटलं, बाईला आनंद झालाय.

घरी येऊन तिनं फ्रिजचं दार, आरसे, खिडक्या, सगळं उजेडात तिरकं बघून त्याचा ठसा शोधला. सापडले ते तिचेच ठसे. तरीही तेव्हापासून तिनं घरातली एकही काच पुसली नव्हती.

"खिडक्या का गं अशा मळल्यात?" आल्या आल्या मनोरमाबाईंनी विचारलं. ऊर्मिलानं त्यांची बॅग आत नेली.

दुपारी त्या लॅपटॉपसमोर बसल्या. प्रत्येक हिमनगावर कोपऱ्यातल्या धुक्याला बोट लावायच्या. "हा बघ, इथं उभा आहे." मग म्हणाल्या, "आता ती काच दाखव मला."

ऊर्मिला आतल्या खोलीत गेली. काच नवीकोरी चमकत होती. सांगून टाकावं, असं एकदा मनात आलं, पण जीभ रेटेना. तिनं आपला उजवा अंगठा काचेवर दाबला आणि काच बाहेर आणून दिली.

मनोरमाबाईंनी ती खिडकीशी नेऊन बराच वेळ फिरवून पाहिली.

"हा त्याचा नव्हे."

"आई..."

"सात वर्षांचा असताना अंगठा विळीवर कापला होता त्यानं. आडवा वण होता. हळद मीच भरली होती."

मग ऊर्मिलानं सगळं सांगितलं. तुषार, फडकं, सगळं. सासूबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शेवटचा फोटो उघडला. काळं शेपूट, स्वच्छ आकाश, रिकामा कोपरा.

"म्हणजे देवमासा आला तेव्हा तो नव्हता."

"नव्हता, आई."

मनोरमाबाईंनी पदरानं डोळे टिपले. मग सुनेच्या ठशाशेजारी स्वतःचा अंगठा नीट दाबला आणि काच तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

"मी काही आता फार दिवसांची सोबती नाही," त्या म्हणाल्या. "एवढा तरी सांभाळ."

ऊर्मिलानं मान हलवली. काचेवर दोन ठसे होते, धुरकट, तेलकट. तिचा उजवा हात खिशातल्या फडक्याकडे निघाला होता. तिनं तो डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला.