चुकलं-माकलं सुधारून घ्यावं

तमिळ मुलखातल्या कुंभकोणच्या या गल्लीत मी लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्या आठवड्यात घरोघरची माणसं येऊन माझी माफी मागून गेली. कशाबद्दल, तर स्वतःच्या मराठीबद्दल. "अमचं मराठी तोडकं-मोडकं, चुकलं-माकलं क्षमा करा," असं आधी म्हणायचं आणि मगच टेकायचं. मी साताऱ्याची, म्हणजे त्यांच्या लेखी थेट मराठीच्या माहेरची. खरं तर त्यांच्या बोलण्यात काही मोडलेलं नव्हतं. पूर्वज तीनशे वर्षांमागं जी भाषा घेऊन इकडे आले तीच यांनी वापरली, वर तमिळची फोडणी घातली, एवढंच. पण महाराष्ट्रातलं माणूस दिसलं की माफी मागायची ही इथली रीतच. मला त्या रीतीचा पहिल्या दिवसापासून राग यायचा.

माझे यजमान वरदराज टायपिंगचे वर्ग चालवत. माझा भाऊ पुण्याचं रविवारचं वर्तमानपत्र टपालानं धाडायचा. ते शिळं होऊनच पोचायचं, पण यांना बातम्यांशी देणंघेणं नव्हतं. हे आधी उघडत ते नव्या वाचनीय पुस्तकांचं सदर. त्यातलं एखादं मागवत. पुस्तक आलं की पहिल्यांदा विठ्ठलापुढं ठेवायचं, वर तुळशीचं पान, आणि एकादशीला संध्याकाळी ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवायचं. गल्लीत मराठी सगळे बोलत, पण शाळा तमिळ, त्यामुळे मराठी अक्षर वाचणारे यांच्यासारखे मोजकेच. कादंबरी असो, प्रवासवर्णन असो, नाहीतर मधुमेहावरचं पुस्तक, ओटा भरून जायचा.

सगळ्यांत पुढं माझ्या सासूबाई, वेंकटलक्ष्मी. त्यांना वाचता येत नव्हतं आणि गप्प बसताही येत नव्हतं. पुस्तकातल्या माणसांशी त्या भांडत, त्यांना सल्ले देत, आणि मध्येच स्वतःची एखादी गोष्ट सुरू करत. मग पुस्तक राहायचं बाजूला. त्यांची आगगाडीची गोष्ट तर कितीदा ऐकली तरी लोक पुन्हा मागत. लहानपणी जवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या स्टेशनावर त्या मोठ्या भावाला जेवणाचा डबा द्यायला गेल्या. भाऊ पलीकडच्या फलाटावर, मध्ये उभ्या गाडीतून पलीकडं जावं म्हणून डबा आधी पायरीवर ठेवला, आणि गाडी सुटली. तेव्हा ही परकरी पोर रुळाकडेनं धावत ओरडली, "अगे सटवे, थांब गे! अण्णाचं जेवण घेऊन कोठ जाऊलीस?" सासूबाई हे अजूनही उभं राहून, हात नाचवून सांगत. माझी लेक तुळसी पोट धरून हसायची. बाहेर ती पोरगी तमिळच बोलायची, घरातही अर्धंमुर्धं, पण आजीशी मात्र मराठी. आजीसारखी शिवी घालता यावी म्हणून का होईना, बोलायची.

एकदा ओटा रिकामा झाल्यावर हे म्हणाले, "या पुस्तकांत सगळी माणसं हायत, पंकजा. अमचीच नाहीत. अम्मा हाय तंवर तिचं बोलणं छापून यायला होणा. मागून असं कोण बोलणार?"

आणि खरोखरच लिहायला बसले. वर्ग सुटला की आईला समोर बसवायचं, ती जसं बोलेल तसं उतरवून घ्यायचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी वाचलं आणि मला रडूच आलं. माझ्या सासूबाई कागदावर उभ्या होत्या, हात नाचवत.

पुण्याच्या एका प्रकाशकाला बाड पाठवलं, तेव्हा यांनी वर चार ओळी लिहिल्या. शेवटची ओळ अशी : 'आमचे मराठी तोडकेमोडके. चुकले-माकले सुधारून घ्यावे.'

मी म्हटलं, "ही ओळ काढा."

"कां?"

"ते खरंच सुधारतील."

हे हसले. "ते असं लिहायचं असतं गे. मर्यादा हाय. मोठ्या माणसास तसंच लिहितात."

मी दोनदा भांडले. पण तीनशे वर्षांची सवय, ती माझ्या भांडणानं थोडीच जाणार? ओळ तशीच गेली.

अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात पुस्तक आलं. त्याच्या आधी, नवल म्हणजे, वर्तमानपत्र आलं आणि त्या सदरात यांचं नाव! 'लेखक तमिळ मुलखात वाढलेले असूनही भाषा इतकी शुद्ध आणि प्रवाही, की ते पुण्याबाहेरचे आहेत हे कुठेही जाणवत नाही. अवश्य वाचावे.' यांनी तो मजकूर गल्लीभर वाचून दाखवला. शुद्ध म्हणजे काय, हे मला मात्र चांगलं माहीत होतं.

पुस्तक उघडून बघू या, असं मी म्हटलं तर हे ऐकेनात. आधी विठ्ठल, मग एकादशी, मगच पहिलं पान. रीत म्हणजे रीत.

एकादशीला ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाईंनी मोरपंखी रेशमी लुगडं नेसलं होतं. यांनी आगगाडीचीच गोष्ट काढली. वाचू लागले, आणि चौथ्या-पाचव्या वाक्याला अडखळले. तरी वाचत राहिले. 'गाडी सुटलेली पाहताच ती बालिका संतापली व गाडीच्या दिशेने काहीतरी ओरडत धावू लागली.'

कुणी हसलं नाही. माणसं नम्रपणे ऐकत होती, पाहुण्यापुढं बसावं तशी.

सासूबाई पुढं वाकल्या. "वरदा, ही पोर कोण रे? बरी शिकलेली दिसती."

"अम्मा, तूच ती."

"मी?" त्यांनी पुस्तकाकडं पाहिलं, मग पदर नीट केला. "मी असं बोललें नाही रे कधी."

हे उठून आत धावले आणि कपाटातले कच्चे कागद घेऊन आले. "हे बघ, हे तुझं. जसंच्या तसं. 'अगे सटवे, थांब गे...'" आता हसतील, असं यांना वाटलं असावं. मलाही वाटलं. सासूबाईंनी लेकाच्या हातावर हात ठेवला. "पुरे कर. ते चुकलेलं होतं, म्हणून तर त्यांनी बरं करून छापलं. एवढं मोठं छापतात ती माणसं, त्यांस कळत नाही होय? आपणच जन्मभर चुकीचं बोललों."

मी रागानं म्हटलं, "आत्याबाई, त्यांना काही कळत नाही! मी साताऱ्याची सांगते, तुमचंच खरं."

"तू घरची म्हणून म्हणतेस," त्या म्हणाल्या.

प्रकाशकाला खरमरीत लिहा, म्हणून मी यांच्या मागं लागले. यांनी लिहिलं ते आभाराचं. चूक माझीच, मीच सांगितलं त्यांना, असं म्हणून यांनी कच्चे कागद पुन्हा कपाटात टाकले. ते अजून तिथं आहेत. एकादशीचं वाचन पुढं थोडे दिवस चाललं. लोक यायचे, पण सासूबाई गप्प बसायच्या, आणि त्या गप्प बसल्यावर कुणाला त्यात गोडी उरली नाही. मग मीही वर्तमानपत्र बंद करायला भावाला सांगितलं. त्या सदराचं मला तोंड बघायचं नव्हतं.

दिवाळीत तुळसीनं हट्ट धरला. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आज्जी, गाडीची गोष्ट सांग ना."

सासूबाईंनी सांगितली, तमिळमध्ये. स्टेशन आलं, अण्णा आला, डबा आला, सगळं बाजारात बोलतात त्या तमिळमध्ये. गाडी सुटली तशी तुळसी उठून बसली, हात नाचवत ओरडली, "अगे सटवे, थांब..."

सासूबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "तसं नको, बाळे. ते चूक हाय."

तुळसीनं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी गोष्ट पुढं सुरू केली होती, आणि पोरगी तमिळमध्ये "म्हणजे डबा गेलाच का?" असं विचारत होती.