मध्यंतरानंतर सगळे परत आले

"काखेत साबण लावलास? नाही ना? मग परत जा. डोकं, काखा, जांघा, पाय. भिंतीवर चित्र लावलंय, ते काय शोभेला?"

टेलिफोनच्या यादीत इदुन नावाच्या नऊ बायका. नावापुढे धंदा. परिचारिका, शिक्षिका, मेंढपाळ. सातवीपुढे लिहिलेले: चित्रपट करते.

बाकावर एक म्हातारा. खुंटीला बाईचा कोट.

शनिवारसाठी महिला मंडळाने दोनशे वाफलांचे, म्हणजे जाळीदार गोड घावनांचे, पीठ भिजवले.

औषधाच्या दुकानातून घेतलेले एक नेलकटर.

आता सरळ सांगतो. साबणाचे विचारणारी बाई म्हणजे साल्वर. वय एकसष्ट. आमच्या गावच्या गरम पाण्याच्या तलावावर बायकांच्या बाजूला ती राखणदार आहे. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकीने कपडे काढून नीट अंघोळ केली की नाही हे पाहणे, हे तिचे सत्तावीस वर्षांचे काम. एकदा राजधानीहून आलेल्या एका मंत्रीणबाईंनाही तिने ओल्या केसांनी परत शॉवरखाली पाठवले होते. एवढीच तिची कीर्ती.

इदुनचे चित्रपट गावात एकट्या साल्वरने पाहिलेले. चारही. दुसऱ्या चित्रपटात एक मुलगी आईच्या हाताची नखे कापते. पाच मिनिटे. दुसरे काहीच होत नाही. आई हात काढून घेते, मुलगी पुन्हा धरते. साल्वर आपल्या आईशी तीन वर्षे बोलली नव्हती. का, ते तिने कोणाला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी तिने नेलकटर घेतले आणि ती वृद्धाश्रमात गेली. आई त्यानंतर अकरा महिने जगली.

यादीतल्या सातव्या इदुनला फोन करायला साल्वरला त्यापुढे नऊ वर्षे लागली.

"इदुन? चित्रपटवाली?"

"हो. कोण?"

"साल्वर. तलावावरची. तू मला ओळखत नाहीस. नवा चित्रपट केलायस असं पेपरात आलंय. तो आमच्या गावात आण."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज. मग, "अजून कोणालाच दाखवला नाही गं मी. तो पूर्ण झालाय की नाही, तेच मला कळत नाही. खरं सांगू? डब्यात ठेवून द्यावा आणि विषय संपवावा, असं वाटतंय."

"डब्यात काय म्हणून?"

"बघायला येणार कोण?"

"वाफल आहेत. सगळे येतील."

इदुन हसली. म्हणाली, "बरं, आणते. तुमच्याकडे चालला तर चालला. नाहीतर डबा."

आभार मानायला फोन केला होता, हे साल्वरला फोन ठेवल्यावर आठवले.

शनिवारी दुपारी चार वाजता गावच्या सभागृहात त्र्याऐंशी माणसे. इदुन तिसऱ्या रांगेत कडेला, अंगातला जाड कोट न काढता. साल्वर शेवटच्या रांगेत. मशीनवर गेस्तुर. आमच्याकडे प्रत्येक चित्रपटाला मध्यंतर असते. चित्रपटात नसेल तर गेस्तुर स्वतः पाडतो, बहुतेक वेळा कोणी बोलत असताना मध्येच.

चित्रपटात, बर्फात रस्ता कळावा म्हणून कडेला रोवलेले खांब दुरुस्त करणारा एक म्हातारा. त्याची बहीण तीस वर्षांपूर्वी भांडून गेली, कोट मागे राहिला. तो कोट घेऊन म्हातारा बोटीच्या धक्क्यावरच्या प्रतीक्षालयात येतो. कोट खुंटीला लावतो. बाकावर बसतो. दाराकडे पाहतो. खूप वेळ पाहतो.

मग काळोख.

एक तास चार मिनिटे झाली होती. शेवटी नावे नाहीत, संगीत नाही. नावे सगळी सुरुवातीलाच येऊन गेलेली. गेस्तुरने घड्याळ पाहिले आणि सवयीने दिवे लावले. त्र्याऐंशी माणसे उठून वाफल खायला गेली. एक्याऐंशी, नीट मोजायचे तर.

रिकाम्या सभागृहात दोघीच राहिल्या. साल्वरला कळले होते की चित्रपट संपला. तिचे डोळे अजून ओले होते. इदुनची मान खाली होती. बाहेरून तव्यांचा आवाज येत होता आणि त्याच्यावर बेकरीवालीचा, बोग्गाचा.

"पुढच्या बोटीनं येते बघ ती! नाही आली तर मी बेकरी बंद करीन."

"आली तरी ती कोट घेणार नाही," केटिल म्हणाला. तो जुना कोळी. "तीस वर्षांत बाई जाड झाली असेल."

"तुझ्या बायकोला सांगू का हे?"

हशा. इदुनचे कान लाल झाले. साल्वर उठली, दहा रांगा खाली आली, तिच्याजवळ उभी राहिली. नऊ वर्षे जपलेले वाक्य तोंडाशी होते.

"वाफल घे," ती म्हणाली. "जॅम संपेल."

"त्यांना वाटतंय अजून चित्रपट आहे." इदुन कोटाची बटणे लावत म्हणाली. "अर्धाच वाटतोय त्यांना. तेच तर मी म्हणत होते."

तेवढ्यात लोक परत आले. बोटांवरची साखर चाटत, खोकत, आपापल्या जागी बसले. वर गेस्तुरने दिवे मालवले. पडद्यावर काही आले नाही. माणसे शांत बसली. आमची माणसे वाट पाहण्यात पटाईत आहेत. एक मिनिट. दोन. मग काळोखात गेस्तुर जिना उतरून आला आणि साल्वरच्या कानाशी लागला.

"दुसरा भाग सापडत नाही गं. घरी तर नाही ना विसरली ती?"

शेजारची इदुन उठून दाराकडे निघाल्याचे साल्वरला काळोखातही कळले. चित्रपट आता डब्यात जाणार होता, आणि तिच्या गावामुळे जाणार होता.

"दिवे लाव," साल्वर म्हणाली. मग तलावावरच्या आवाजात, "कोणी हलू नका! इदुन, तूसुद्धा. बस खाली."

इदुन बसली. त्या आवाजाला मंत्रीणबाईही बधल्या होत्या.

"चित्रपट संपलाय. वाफलांच्या आधीच संपला."

"संपला?" बोग्गा म्हणाली. "आणि बहीण?"

"बहिणीचं काय होतं ते तूच ओरडून सांगत होतीस की बाहेर. केटिलनं वेगळं सांगितलं. वीस मिनिटं त्या म्हाताऱ्याची गोष्ट सोडून कोणी दुसरं काही बोललं का? मागच्या महिन्यातला तो गोळीबाराचा चित्रपट, त्याच्या मध्यंतरात तुम्ही सगळे माशांच्या भावावर भांडत होतात."

"ते खरंय," केटिल म्हणाला. "पण वाफल मात्र पूर्ण मिळालं."

कोणीतरी हसले. साल्वर हसली नाही. ती इदुनकडे वळली आणि त्याच मोठ्या आवाजात, कारण दुसरा आवाज तिच्याकडे नव्हताच, म्हणाली, "तुझा तो नखांचा चित्रपट बघून मी आईकडे गेले. अकरा महिने, दर रविवारी तिची नखं कापली. एवढ्या लवकर वाढत नाहीत नखं, तरी कापली. आभार मानायचे राहिले होते. हा डब्यात ठेवू नकोस. हा पूर्ण आहे."

साल्वरच्या आईला सगळे ओळखत होते, आणि मायलेकींचे बोलणे बंद होते हेही सगळ्यांना माहीत होते.

इदुनने पहिल्यांदाच कोट काढून मांडीवर घेतला. "बोग्गा तूच ना? ती बोटीनं येते, मग? पुढं सांग."

बोग्गाने सांगितले. केटिलने मोडता घातला. शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंचे म्हणणे, बहीण आली पण दार उघडत नाही. गेस्तुरला वाटत होते, म्हातारा पुन्हा कोट घेऊन घरी जातो. चाळीस मिनिटे सगळी माणसे ती गोष्ट पुढे नेत होती आणि इदुन एकेकाकडे वळून ऐकत होती, पाणी प्यावे तसे. एकदाच तिने मध्ये तोंड घातले.

"नाही, गेस्तुर. कोट तो परत नेत नाही. बाकी काहीही होऊ दे."

उठताना बोग्गाने तिचा हात हातात घेतला आणि जेवून उठल्यावर आम्ही घरच्या बाईला जे म्हणतो तेच म्हणाली, "पोट भरलं, आभार." मागून केटिलने, मग प्रत्येकाने. सगळ्यात शेवटी साल्वरने. या खेपेला हळू आवाजात.

म्हाताऱ्याचे काम करणारा नट आदल्या ऑक्टोबरात, शूटिंगच्या एकोणिसाव्या दिवशी न्याहारीच्या वेळी वारला होता. बहीण परत येण्याचे सगळे प्रसंग विसाव्या दिवसापासून घ्यायचे होते.