डिझेल मी पितो

मी डिफ्लेक्टर बोलतोय. लांब पल्ल्याच्या ट्रकच्या केबिनवर फायबरचं ते तिरकं, फुगीर कवच असतं ना, तोच मी. मला शोभेसाठी लावलंय असं तुम्हाला वाटत असेल. तुमचं काय घेऊन बसलात, माझ्या मालकालाही माझं काम कधी कळलं नाही.

माझा जन्म साच्यातला. मागे उंच, बंद पेटीचा ट्रेलर असला की समोरून येणारा वारा उचलायचा आणि पेटीच्या वरून सोडून द्यायचा, एवढंच मला नेमून दिलेलं काम. वारा पेटीवर आदळला नाही की इंजिनाला जोर कमी लागतो आणि डिझेल वाचतं. शाळकरी पोरालाही कळेल. पण मला विकणारा निघाला मालकाचा मेहुणा, गाड्यांच्या सामानाचा दुकानदार. "दाजी, डोळे झाकून लावा," तो म्हणाला. दाजींनी डोळे झाकले ते आजतागायत उघडले नाहीत.

सुरुवातीला मागे उंच पेटी होती. डिझेल वाचलं तशी मालकाची छाती फुगली. दिसेल त्याला गाडीजवळ आणून तो माझ्याकडे बोट दाखवायचा, जणू मला यानेच घडवलंय.

मग ते काम सुटलं. लोखंडी पत्रे वाहायचं काम आलं आणि मागे सपाट, उघडा ट्रेलर जोडला. माल केबिनच्या निम्म्यालाही येईना. आता मी वारा उचलून कशावरून सोडणार? नुसता भिंतीसारखा वाऱ्याला आडवा उभा राहिलो. मला ढकलता ढकलता इंजिन डिझेल पीत सुटलं. चार बोल्ट काढून मला खाली ठेवलं असतं तर विषय संपला असता. पण मालकाने सल्ला विचारला तो पुन्हा मेहुण्यालाच.

"दाजी, माझा माल खोटा नाही. ड्रायव्हरला विचारा डिझेल कुठं जातं ते."

ड्रायव्हर म्हणजे मालकाच्या वडिलांच्या वेळचा माणूस. याच्याच मांडीवर बसून मालक लहानपणी स्टिअरिंग धरायचा. अजूनही काकाच म्हणतो.

"काका, खरं सांगा," मालक म्हणाला, "वाटेत कुणाला विकता?"

काकांचा चेहरा पडला. पण भांडले नाहीत बिचारे. डागच पुसून टाकायचा म्हणून कामाला लागले. गाडी थांबली की इंजिन बंद, मग आत घामाच्या धारा लागल्या तरी चालेल. निघण्याआधी प्रत्येक टायरची हवा तपासायची. वेग आवरता ठेवायचा, उगाच ब्रेक मारायचा नाही. त्यांनी घाम गाळून वाचवलेलं सगळं मी वर बसून गिळत होतो. लाज वाटायची मला.

एकदा टायरवाला म्हणाला, "काका, मागे पेटी नाही तर हे वरचं काढून ठेवा की."

मला वाटलं, सुटलो. तर काका त्याच्यावरच उखडले. "खुळा का तू? गाडीवर डिझेल वाचवणारी ही एकच वस्तू. ती काढली तर मालक म्हणेल, चोरी लपवायला काढली!"

कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं.

शेवटी मालकाने चावी परत मागितली. काकांनी आधी माझ्यावरचे मेलेले किडे ओल्या फडक्याने पुसले, मग चावी दिली आणि म्हणाले, "मालक, मी चोर तर चोर. पण हा डिफ्लेक्टर काढू नका. याच्यामुळेच थोडंफार वाचतंय."

आता डिझेलच्या टाकीला कुलूप आहे. तरी डिझेल जायचं ते जातंच, आणि मालक नव्या ड्रायव्हरकडे तिरक्या नजरेने बघतो. मेहुणा म्हणतो, "दाजी, याहून मोठा डिफ्लेक्टर आलाय." दाजी मान डोलावतात. धन्य ते दाजी आणि धन्य तो मेहुणा!

त्यांच्याकडे मी काही मागत नाही. मागतोय तुमच्याकडे. वाटेत ही गाडी दिसली तर पाना घेऊन वर चढा, मला खाली उतरवा आणि काकांच्या दारात नेऊन ठेवा. त्यांना सांगा, चोर सापडला.