गप्प राहिलेली क्रीमची डबी

मी एक क्रीमची डबी. माझ्या झाकणावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, ‘सुरकुत्या गायब’. छापणारा छापून मोकळा झाला, बोलणी मात्र मला खावी लागतात.

सांगलीला विश्रामबागेतल्या एका दुकानात, काचेच्या कपाटात माझा मुक्काम होता. तेव्हाचा माझा तोरा विचारूच नका. अंकितानं मला उचललं तेव्हा वाटलं, चला, आता कॉलेजच्या पोरींत मिरवायचं. पण तिनं मला पिशवीत टाकलं आणि एसटीनं थेट रहिमतपूरजवळच्या एका खेड्यात, आपल्या आत्तीकडं आणलं.

आत्ती म्हणजे शालनताई. पन्नाशी ओलांडलेली, घरात एकटी. भिंतीवर वर्दीतला तिचा नवरा, नाथाजी. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच सरहद्दीवर बर्फात गेला. फोटोत तो अजून कोवळ्या मिशांचाच आहे. म्हातारं व्हायचं काम तिच्या एकटीवर पडलं.

मी येण्याआधी, पंधरा ऑगस्टला शाळेत तिचा सत्कार झाला. नव्या गुरुजींनी तिथं मांडलेला नाथाजीचा फोटो बघितला, बाईकडं बघितलं आणि माईकवर पुकारलं, “वीरमाता शालनताई!” काही बायका पदराआड हसल्या, चूक कुणीच दुरुस्त केली नाही. तिनं नारळ घेतला आणि मान खाली घालून घरी आली. मग अंकिताला फोन केला, “तोंडाला लावायचं काय मिळतंय का गं तिकडं? मी त्यांची आई दिसाय लागले.”

म्हणून मी आले. रोज सकाळी ती मला इवलंसं बोटावर घ्यायची, गालाला लावायची आणि फोटोपुढं उभी राहायची. “आवं, बघा की. पडला का काय फरक?”

आता काय सांगू तिला? खरं एवढंच, की मी कातडी ओलसर ठेवते. बारीक रेघा दुपारपर्यंत जरा भरल्यासारख्या दिसतात, मग पुन्हा जैसे थे. शेतात जाताना तिनं डोक्यावरून पदर ओढून घेतला तर त्याचा उपयोग माझ्याहून जास्त. गेलेली वर्षं परत आणणं माझ्या बापालाही जमणार नाही.

एकदा शेजारची भामाबाई डोकावली. “शालन, ह्या वयात नटून कुणाला दावायचंय गं?” शालनताईनं मला पिठाच्या डब्यामागं सारलं. तिथं दिवसभर अंधारात बसून मला फार एकटं वाटायचं. मग ध्यानात यायचं, बाहेर तिचंही तेच चाललंय. आख्ख्या दिवसात तिच्या गालावरून फिरायचा तो एकच हात, आणि तोही तिचाच.

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी अंकिता आली. आत्ती डेअरीला दूध घालायला गेली होती. पोरीनं स्वयंपाकघरातूनच गुरुजींना फोन लावला. “सर, उद्याच्या सत्काराला नीट पुकारा. पत्नी आहे ती त्यांची, आई नव्हे. आणि मी फोन केल्याचं तिला सांगू नका.”

दुसऱ्या दिवशी शाळेचा कर्णा घरापर्यंत ऐकू आला. “वीरपत्नी शालनताई.”

ती आली ती तडक माझ्याकडंच. मला हातात घेऊन फोटोपुढं उभी राहिली. डोळ्यांतल्या पाण्यानं लावलेलं सगळं धुऊन गेलं होतं.

“आवं, ऐकलंसा का? बायको म्हणलं मला. लागू पडलं बघा.”

अंकिता चुलीकडं तोंड करून उभी राहिली. मीही गप्प. फुकटचं श्रेय घेताना इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिनं माझ्या तळाशी उरलंसुरलं बोटानं निपटून घेतलं आणि भाचीला दुसरी डबी आणायला सांगितली. मी आता रिकामी झालेय, तेव्हा जाता जाता एक मागते. कधी त्या गावात गेलात तर शालनताई तुम्हालाही विचारेल, “फरक पडलाय न्हवं?” तेव्हा तिच्या सुरकुत्या मोजत बसू नका. तिला नुसती ‘वहिनी’ म्हणून हाक मारा.